हेडमास्तर जेवत नाहीत

हेडमास्तर आमच्या घरी आले ते बाबांच्या हत्यारांच्या पिशवीत बसून. खाली चिंध्या, वर जुना टॉवेल आणि मधे एक कासव, चांगलं थाळीएवढं. बाबांनी पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली, टॉवेल बाजूला केला, आणि आई अशी ओरडली की शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

"अहो! ओट्यावर?"

"मग कुठे ठेवू? जमिनीवर ठेवला तर पळून जाईल."

"कासव! पळून!" आई म्हणाली. मग ती खाली वाकून त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं मान बाहेर काढली, सुरकुतलेली, लांब, आणि आमचं स्वयंपाकघर डावीकडून उजवीकडे तपासलं. आईनं पटकन पदराचं टोक कमरेला खोचलं. दवाखान्यात नाव नोंदवायच्या खिडकीत बसून भल्याभल्यांना "पुढचा नंबर!" करणारी माझी आई, पण त्या नजरेपुढे तीसुद्धा सरळ उभी राहिली.

त्याचं नाव हेडमास्तर हे तेव्हाच पटलं.

नाव ठेवलं होतं पियानोबाईंनी. म्हणजे त्यांचंही हे नाव नव्हे, पण त्यांनी अर्ध्या गावाच्या पोरांना पियानो शिकवला, म्हणून सगळे तसंच म्हणतात. आता त्या थकल्या आणि मुलीकडे राहायला निघाल्या. मुलीच्या इमारतीत जनावर पाळू देत नाहीत. पियानो विकायचा होता, आणि विकण्याआधी त्याला पॉलिश करून घ्यायचं म्हणून त्यांनी बाबांना बोलावलं.

बाबा लाकडाला हातानं पॉलिश करतात. लाखेच्या पापड्या स्पिरिटमध्ये विरघळवायच्या, कापसाचा बोळा सुती कापडात बांधायचा, आणि त्या बोळ्यानं लाकडावर एक हात मारायचा, वाळू द्यायचा, घासायचा, मग दुसरा, मग तिसरा, लाकडात आपलं तोंड दिसेपर्यंत. हल्ली असं कुणी करून घेत नाही. लोक तयार कपाटं आणतात, स्क्रू पिळतात, झालं. तरी बाबा रोज सकाळी आंघोळ करून कामाचे कपडे घालायचे आणि खिडकीशी बसायचे. संध्याकाळी तेच कपडे, न मळलेले, आई घडी करून ठेवायची. एक अक्षर बोलायची नाही. माझी आई बोलत नाही म्हणजे काय परिस्थिती असेल, बघा.

त्यामुळे पियानोचं काम बाबांनी रमतगमत केलं. बाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि कासव खोलीभर फिरायचं, प्रत्येक खुर्चीच्या पायाशी थांबून मान वर करायचं. "हेडमास्तर वर्गावर निघाले," बाई म्हणायच्या. शेवटच्या दिवशी त्या बाबांना म्हणाल्या, "पियानोला गिऱ्हाईक मिळालं. याला कोण घेणार? तुम्हीच न्या. मी तुमचं काम बघितलंय."

हे वाक्य बाबांनी त्या संध्याकाळी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की शेवटी आई म्हणाली, "ऐकलं हो. आता फ्रेम करून लावू का?" पण ती हसत होती. आणि बाबांनी बाईंना शब्द दिला होता, याला काही होऊ देणार नाही. मुलीकडे बस्तान बसलं की बाई त्याला भेटायला येणार होत्या.

हेडमास्तर जेवले नाहीत.

पहिल्या दिवशी आम्हाला काही वाटलं नाही. नवं घर, नवी माणसं. मीसुद्धा नव्या शाळेत पहिला आठवडा डबा तसाच परत आणायचे. बाईंनी सांगितल्याप्रमाणे दुधात भिजवलेला पाव बशीत घालून ठेवला. हेडमास्तरांनी वास घेतला आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी सूत्रं हातात घेतली. मी नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, आणि माझं असं ठाम मत झालं होतं की जगातले बहुतेक प्रश्न नीट उभं राहून स्पष्ट आवाजात बोललं की सुटतात. मी वाचनालयातून पुस्तक आणलं. त्यात दूधही नव्हतं आणि पावही नव्हता. पाला होता. मी काकडी चिरली, पालक आणला, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, कोबीचं बाहेरचं पान. सगळं त्यांच्यापुढे अर्धवर्तुळात मांडलं आणि म्हटलं, "सन्माननीय हेडमास्तर, व्यासपीठावरील भाजीपाला आणि माझ्या जमिनीवरील मित्रांनो..."

हेडमास्तरांनी डोळे मिटले.

"भाषणानं झोप लागली त्यांना," आई म्हणाली. "मलाही लागते."

"मग तू बोलून बघ."

आई बसली त्यांच्यासमोर मांडी घालून. "हे बघा, जेवायचं नसेल तर तसं सांगा, मी ताट उचलते," असं म्हणाली, जे ती आम्हाला म्हणते. आम्हाला ते लागू पडतं. त्यांना पडलं नाही.

बाबा मात्र गमतीत सामील झाले नाहीत. ते उकिडवे बसून हेडमास्तरांकडे बघत राहायचे. बशी हातभर पुढे सरकवायची, मग बोटभर मागे. पावाचा तुकडा हातात धरून वाट बघायची. त्यांचा चहा शेजारी गार व्हायचा. "बाईंकडे कसा तुरुतुरु चालायचा," ते म्हणायचे. "मी बघितलंय ना. आपल्याकडे आल्यापासून बसलाय नुसता." आपल्याकडे या शब्दावर त्यांचा आवाज जरासा खाली यायचा.

आणि मग मी एक दिवस शाळेतून आले तर जिन्यातच स्पिरिटचा वास आला. मला इतका आनंद झाला! मला वाटलं काम आलं. मी दोनदोन पायऱ्या चढत वर गेले. बाबा खिडकीखाली वर्तमानपत्र पसरून बसले होते, बाह्या दुमडलेल्या, बोटं तांबूस झालेली, चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा. समोर हेडमास्तर होते. त्यांची पाठ पियानोसारखी चमकत होती.

"ये, रेडिओ, ये," बाबा म्हणाले. मला ते रेडिओ म्हणतात, कारण उघड आहे. "बघ. आधी कशी पांढुरकी, कोरडी पडली होती पाठ? खवले सुटल्यासारखे झाले होते. लाकूड असं दिसलं की समजायचं, उपाशी आहे ते. आधी हलका पॉलिश पेपर मारला. मग तीन हात दिले. पातळ, हां, एकदम पातळ."

प्रत्येक खवल्यावरच्या रेषा मधाच्या रंगाच्या झाल्या होत्या, एकात एक चौकोन, आणि सगळ्यात आतल्या चौकोनात खिडकी दिसत होती. मला ते सुंदर दिसलं. खोटं कशाला बोलू? आई कामावरून आली, तिनंही चपला न काढता बघितलं आणि म्हणाली, "लग्नाला निघालेत जणू." बाबा हसले. त्या रात्री बाबा पोटभर जेवले.

पुढच्या एकदोन दिवसांत हेडमास्तर बसायचेही बंद झाले. म्हणजे पाय आत घेऊन, मान तशीच बाहेर टाकून पडून राहायचे, जसं कुणी दमून बाकावर डोकं टेकतं. डोळे चिकटल्यासारखे. नाकाशी एक बुडबुडा यायचा, फुगायचा, फुटायचा. मधेच तोंड उघडून श्वास घ्यायचे, आणि त्याचा एक बारीक आवाज यायचा, दार कुरकुरल्यासारखा.

मी जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथला माणूस म्हणाला पुढच्या आठवड्यात या. मी स्पर्धेतला आवाज काढला आणि उद्या सकाळची वेळ घेतली. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या खिडकीशी तुझ्यासारखी एक आली ना, तर मी राजीनामा देईन." पण तिनं सुट्टी टाकली आणि आमच्याबरोबर आली.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या, हाताला ओरखडेच ओरखडे. त्यांनी हेडमास्तरांना टेबलावर घेतलं, पाठीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला.

"हे काय लावलंय?"

"लाखेचं पॉलिश," बाबा म्हणाले. आणि मला सांगायला कसंतरी होतं, पण ते अभिमानानं म्हणाले. "बाजारातलं तयार नाही, मी स्वतः भिजवतो. एक नंबर लाख आहे."

डॉक्टरांनी बोट टॉवेलला पुसलं. मग हळू म्हणाल्या, "काका, ही पेटी नाहीये. हे त्याचं अंग आहे. खाली जिवंत हाड आहे, रक्त फिरतं त्यात. वरून झाकलं की ऊन लागत नाही. आणि स्पिरिटचा वास त्याच्या छातीत गेलाय. पाठीवर कुणी बोट जरी टेकवलं ना, तरी याला कळतं."

"कळतं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग मी पेपर मारला तेव्हा..."

डॉक्टर कानाला नळ्या लावून छाती ऐकायला लागल्या.

त्यांनी रक्त घेतलं, फोटो काढला. आम्ही बाकावर बसलो. समोर एक माणूस मांजरीला मांडीवर घेऊन बसला होता, आणि ती मांजर सारखी बाबांच्या हातांकडे तोंड करून नाक आक्रसत होती. बाबांनी हात काखेत घातले.

परत आत बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुठे होता? काय खायचा?"

मी सांगितलं. दूध-पाव, रोज, कितीतरी वर्षं.

त्यांनी डोळे मिटून उघडले. "तरीच. लिव्हर पार खराब झालंय. हे काही आजकालचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. कासवाला दूध पचत नाही, पाव तर नकोच. अशी कासवं वरून ठणठणीत दिसतात. मग घर बदलतं, गारठा लागतो, आणि एकदम कोसळतात. खाणं सोडलं ते म्हणून. पॉलिशनं त्यात भर घातली."

"भर किती?" बाबा म्हणाले.

"ते नाही सांगता येणार. थोडं त्याचं, थोडं याचं."

"पण आधीचं जास्त ना?" मी विचारलं. मला ते अगदी स्पष्ट, मोठ्यानं कुणीतरी म्हणायला हवं होतं.

"बहुतेक," डॉक्टर म्हणाल्या. पण बाबा तोवर टॉवेलची घडी घालत होते.

मग आमचं घर दवाखाना झालं. टेबलाचा दिवा खाली आला. आईची कपड्यांची टोपली रिकामी झाली आणि तिच्यात हेडमास्तर आले. सकाळ-संध्याकाळ पसरट घमेल्यात कोमट पाणी घालून त्यांना बसवायचं. एक दिवसाआड डॉक्टरांकडे न्यायचं, त्या नळीनं पोटात पातळ खाणं सोडायच्या. आणि पॉलिश काढायचं, पण स्पिरिट न वापरता. स्पिरिटनं लाख क्षणात निघते, पण त्याचा थेंबही आता हेडमास्तरांना चालणार नव्हता. पाण्यात बसवलं की लाख पांढरी पडते आणि कडेनं जराशी सुटते. तेवढीच, सुटेल तेवढीच खरवडायची.

बाबांनी एका लाकडी काडीला तासून तासून नखासारखं टोक काढलं. आधी ते आपल्या गालावर फिरवून बघितलं. मग कामाला बसले. खवल्याच्या कडेला काडी टेकवायची, दाबायची नाही, पापुद्रा स्वतःहून उठेपर्यंत थांबायचं. मी शेजारी दिवा धरायचे आणि मधेमधे काहीतरी बोलायचे, शाळेतल्या गमती, कोण कुणाशी भांडलं. बाबा हं हं करायचे. दर वेळी काडी टेकवण्याआधी ते हेडमास्तरांना म्हणायचे, "लावतोय हां." इतक्या हळू की मला वाटतं मी ऐकतेय हे त्यांना माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी मी काकडीची चकती हेडमास्तरांच्या तोंडाशी नेली आणि त्यांनी तोंड उघडलं! चावलं! काकडीवर चक्क एक कोयरीच्या आकाराचा चावा उमटला. मी असा आरडाओरडा केला की आई पिठाच्या हातांनी धावत आली. चकती तोवर खाली पडली होती. तुकडा त्यांनी गिळला नव्हता, तो ओठावर चिकटून राहिला होता. तरी पण चावलं होतं ना!

"चव बघितली," आई म्हणाली. "शेरा उद्या देतील."

त्या रात्री आम्ही तिघंही खूप बोललो. बाबासुद्धा. बाई आल्या की हेडमास्तरांना कुठे बसवायचं हेही ठरलं.

शेरा आला नाही. पुढच्या एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबा टोपलीशी बसले होते आणि दिवा बंद होता. मी विचारलं, "दिवा का बंद केलात? त्यांना ऊब लागते ना?"

"मघाशी पाय बाहेर काढले त्यानं," बाबा म्हणाले. "चारही. मान पण ताणली. मला वाटलं, चालतोय आता."

पाय अजून बाहेरच होते. मी पाठीवर हात ठेवला. अर्धी पाठ खरखरीत होती, अर्धी गुळगुळीत.

बराच वेळ गेला. आई आली, तिनं बघितलं, पर्स खांद्यावर तशीच ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. मग बाबा उठले, कपाटावरची स्पिरिटची बाटली काढली आणि फडक्यावर ओतली.

"बाबा!"

"आता चालेल," ते म्हणाले.

फडकं फिरलं आणि उरलेली सगळी लाख निघून आली, तांबूस, चिकट, जशी काही तिथे कधी बसलीच नव्हती. इतक्या संध्याकाळी जे काडीनं कणाकणानं निघत होतं ते दोन घड्या केलेल्या फडक्यात मावलं. बाबांनी पाठ कोरडी पुसली. ती पुन्हा पांढुरकी दिसायला लागली, बाईंनी दिली होती तशी. मग त्यांनी बाईंना फोन केला.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या. माझ्या डोळ्यांपुढे कुणीतरी भारदस्त बाई होत्या. या माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या. मुलगी खाली गाडीत थांबली होती. बाई खुर्चीत बसल्या, मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेले हेडमास्तर.

"पाव भिजवून देत होतात ना?" त्यांनी विचारलं. "दूध गार नव्हतं ना? गार त्याला चालत नाही. मी बोट घालून बघायचे आधी. माझ्या हातचा पाव एक दिवस टाकला नाही त्यानं, इतक्या वर्षांत."

सगळं माझ्या जिभेवर आलं. पुस्तक होतं माझ्याकडे. डॉक्टरांचं वाक्य होतं, शब्दन्‌शब्द.

"मी त्याच्या पाठीला पॉलिश केलं, बाई," बाबा म्हणाले. ते उभे होते. "करायला नको होतं. त्याला ते बाधलं. माझ्या हातून झालं."

बाईंना आधी समजलंच नाही. मग समजलं. "पॉलिश?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही."

"तो काय टेबल होता?"

"पण डॉक्टर म्हणाल्या..." मी सुरुवात केली.

"रेडिओ," बाबा म्हणाले, "बाईंना पाणी आण."

स्वयंपाकघरात आई उभी होती, पाठ करून. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं ग्लास भरला आणि माझ्या हातात दिला, आणि एक क्षण तिनं तिची बोटं सोडली नाहीत. "सांडू नकोस," म्हणाली. ग्लास अर्धाच भरलेला होता.

बाईंनी पाणी घेतलं नाही. त्या निघाल्या तेव्हा बाबा टॉवेल घ्यायला पुढे झाले, तर त्यांनी अंग बाजूला वळवलं आणि ते गाठोडं माझ्याकडे दिलं. बाबा दारातच थांबले. मी आणि बाई जिना उतरायला लागलो, त्या कठडा धरून, एकेक पायरी, दोन्ही पाय टेकवत.

मधल्या वळणावर त्या थांबल्या. वर बघितलं, कुणी नव्हतं.

"तू काहीतरी सांगत होतीस. डॉक्टर काय म्हणाल्या?"

आता मला कुणी पाणी आणायला पाठवणार नव्हतं. मी एवढंच म्हणायचं होतं, दूध, पाव, लिव्हर. तीन शब्द. आणि सगळा दोष माझ्या बाबांवर आला नसता. मी छाती भरून श्वास घेतला, स्पर्धेत घेते तसा. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या उजव्या हाताचं बोट टॉवेलच्या कडेतून आत गेलं होतं आणि पाठीवर फिरत होतं, गोल, हळू, आपण काय करतोय याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"म्हणाल्या की..." मी त्या बोटाकडे बघितलं. "की कासवाला पाठीवर हात लावलेला कळतो."

"ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "मी रोज लावायचे."

खाली मुलीनं गाडीचं दार उघडून धरलं होतं. बाईंनी गाठोडं माझ्याकडून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि समोर बघत राहिल्या. मी हात हलवला नाही. हलवण्यासारखं काही नव्हतं.

वर आले तर बाबा टोपली पुसत होते. आत काहीच नव्हतं, तरी कोपरे पुसत होते.

"काही म्हणाल्या?"

"नाही."

"रागावल्या आहेत?"

मी चपला काढल्या. मग म्हटलं, "हो. तुमच्यावर."

"बरं झालं," बाबा म्हणाले, आणि फडकं पिळायला आत गेले.